उल्कावीरचे चार अंक

गौरांगची कारखान्यातली पाळी तीनला सुटायची होती आणि पुष्पलताबाई दोनलाच येऊन त्याच्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा आणि डब्याखाली उल्कावीरच्या कॉमिक्सचे चार अंक.

नागपुरातल्या मनीषनगरहून हिंगण्याला त्या एकट्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांचे पती देवराव गेले त्याला दीड महिना झाला होता. घाटावर आणि तेरवीला गौरांग आला, मुलानं करायचं ते सगळं त्यानं केलं आणि दोन्ही वेळा दिवस मावळायच्या आत परत निघाला. बापाच्या फोटोकडे त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास बापलेकांचं बोलणं बंद झालं. का, ते दोघांपैकी कोणीच सांगेना. दिवाळीनंतर गौरांगनं कारखान्याजवळ ही खोली केली. पुष्पलताबाईंनी नवऱ्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा देवराव एवढंच म्हणाले, "चूक माही आहे. त्याले काही म्हणू नको." 

मग परवा गौरांगची जुनी खोली आवरताना पलंगाखालच्या ट्रंकेत हे अंक निघाले. गौरांग लहान असताना देवराव स्टेशनवरच्या स्टॉलवरून त्याच्यासाठी कॉमिक्स आणायचे. दहावीत गेल्यावर त्याचं ते वेड सुटलं, असं पुष्पलताबाईंना वाटत होतं. पण हे अंक दोनच वर्षांपूर्वीचे होते.

चाळता चाळता त्या एका पानावर थबकल्या. इतकी वर्षं राक्षसांना लोळवणारा उल्कावीर मुखवटा हातात घेऊन गच्चीवर बसला होता. समोर त्याचा मित्र डॉक्टर समीर. "जगाला वाचवताना मला भीती वाटत नाही," उल्कावीर म्हणत होता, "तुला हे सांगताना वाटते." आणि समीरनं त्याचा हात हातात घेतला होता. ते पान इतक्यांदा उघडलेलं होतं की तिथली पिन सैल झाली होती.

पुढच्या अंकात वाचकांची पत्रं होती. बहुतेक शिव्याशापच. एकच पत्र वेगळं होतं, खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक वाचक, नागपूर'.

'उल्कावीर, तुला पाहून आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी एकटा नाही. घरात एकाला माझं कळलं, त्यानं बोलणं टाकलं. दुसरी माझ्यावर जीव टाकते, म्हणून तिला सांगायची हिंमत होत नाही.'

पुष्पलताबाईंनी ते तीनदा वाचलं. एकतिसाव्या वर्षीही लग्नाचा विषय काढला की उठून जाणारा पोरगा. अबोला धरलेला बाप. सगळं जागच्या जागी बसलं. मग आणखी एक गोष्ट आठवली. एकदा टीव्हीवर अशाच दोघा पोरांची बातमी लागली होती. पोळी वाढता वाढता आपण म्हणालो होतो, "असे जन्मताच मेलेले बरे." बापलेक दोघंही ताटावर होते.  देवरावांनी ती पोळी अर्धी टाकली होती आणि गौरांग पुढे कितीतरी दिवस गप्प गप्प होता.

परवापासून त्यांनी देवरावांच्या फोटोला हार घालणं बंद केलं.

"आई? तू काहून आली वं एकटी? फोन केला असता तर मी नसतो आलो काय?"

गौरांग समोर उभा होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात.

"नसता आला," त्या म्हणाल्या. "दार उघड."

आत गेल्यावर त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि चारही अंक खाटेवर मांडले. गौरांगचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कुठं भेटले तुले?"

"तुह्या पलंगाखाली. आता बस. मले बोलू दे, नाही तर माही हिंमत जाईन." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी सगळं वाचलं. पत्रबी वाचलं."

"कोणतं पत्र?"

"मायपासून आता काय लपवून राहिला गा?" त्यांनी पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

गौरांगनं पत्र वाचलं. मग सावकाश पुन्हा वाचलं. 

"त्या दिवशी ताटावर मी जे बोलली न, त्याच्यासाठी माही जीभ झडो," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तू माहा आहे. तुले जो आवडते, त्याले घरी घेऊन ये. दोघायलेबी ओवाळीन मी. आन एक सांग, त्या डॉक्टरले काहून दूर पाठवलं गा पुस्तकवाल्यायनं? शेवटच्या अंकात म्हणते परदेशी गेला, मंग त्याचं नावच नाही. मले लय वाईट वाटलं."

गौरांग जमिनीवर बसला आणि अंक छातीशी धरून रडायला लागला. घाटावर त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आता त्याला श्वास पुरत नव्हता. पुष्पलताबाई त्याच्या शेजारी टेकल्या आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

"तुह्या बाबाले मी कधी माफ नाही करणार," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरासंग दोन वर्षं अबोला! असा असते काय बाप?"

"नको वं आई. असं नको म्हणू." त्यानं आईचा हात घट्ट धरला. "बाबा दर ऐतवारी इथं येत होते. समोर त्या टपरीपाशी उभे राहत. मी दार लावून घ्यायचो. मीच नाही बोललो त्यायच्यासंग."

"काहून गा?"

त्यानं छातीशी धरलेले अंक आईच्या मांडीवर ठेवले.

"हे अंक माहे नाहीत, आई. बाबाचे आहेत."