चौथा अभिप्राय

"नाही सापडली," म्हणत बूटवाल्या काकांनी शेवटचा गठ्ठाही जमिनीवर उपडा केला. दुकानभर कागदच कागद. प्रत्येकावर पेन्सिलीने गिरवलेली दोन पावलं, खाली नाव आणि तारीख. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या पायाचा कागद काकांनी टाकला नव्हता.

काकांना ऑनलाइन दुकान काढून देणारी वेबसाइटवाली आली होती नव्या बुटांचे फोटो काढायला. तिला पाय ठेवायला जागा सापडेना.

"काय शोधताय, काका?"

"अगं, ती मुलगी! तुझ्या त्या ऑनलाइन दुकानात लिहिलंय बघ." काकांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. 'माझ्या लेकीचा एक पाय आखूड आहे. काकांनी शिवलेले बूट घालून ती आयुष्यात पहिल्यांदा पळाली.'

वाचायची गरजच नव्हती. लिहिलं होतं तिनेच. ऑनलाइन दुकान नवीन, अभिप्रायांची जागा ओकीबोकी दिसत होती, म्हणून चहा निवायच्या आत चार अभिप्राय तिने खरडले होते. सगळेच करतात. पहिले तीन आपले 'छान आहेत, टिकाऊ आहेत' छापाचे. चौथ्याच्या वेळी मात्र अंगात आलं. खरी गिऱ्हाइकं लिहायला लागली की काढून टाकू, असं ठरवलं होतं. पण लोक नेमके त्याच अभिप्रायापाशी थांबायचे, त्यामुळे काढणं राहिलं बाजूला, तिने तो सगळ्यात वर नेऊन ठेवला.

"मुलगी आठवत नाही, आई आठवत नाही, बूट आठवत नाहीत," काका म्हणाले. "असला जोड शिवायला पंधरा दिवस जातात. माणूस विसरेल का? पण विसरलो ना मी!"

"आठ दिवस हेच चाललंय," काकू शिलाई मशीनमागून म्हणाल्या. "जेवणात लक्ष नाही, झोप नाही. यांचे वडीलही असेच विसरायला लागले होते. शेवटी मलाच विचारायचे, 'बाई, तुम्ही कोण?'" त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "काल म्हणाले, महिनाअखेर दुकान बंद करू."

आत्ताच्या आत्ता सांगून टाक, वेबसाइटवालीने स्वतःला बजावलं. तोंड उघडणार, तेवढ्यात दार उघडलं.

एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आत आली. मुलीच्या डाव्या बुटाखाली जाडजूड लाकूड ठोकलेलं होतं. चालताना ते खाडखाड वाजत होतं.

"दोन बस बदलून आलोय," बाईने मोबाइल पुढे केला. "यात लिहिलेल्या मुलीला दिलेत ना, अगदी तसेच हवेत."

"देतो की!" काकांनी मुलीला बाकावर बसवलं. मग कपाळ चोळत तिथेच उभे राहिले. "फक्त कसे केले होते ते... थांबा हं, बाई. आठवेल. आत्ता आठवेल."

"काका, ते मी लिहिलंय!" वेबसाइटवालीला आता राहवेना. "तशी मुलगी नाहीच. तुम्ही काहीच विसरलेला नाहीत. मी खोटं लिहिलं."

आता शिव्या बसणार, तिने मान खाली घातली. बसू देत, तीच लायकी आहे.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" काका ओरडलेच. "ऐकलंस का गं? मी विसरलो नाही!"

काकू हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "जीव घेतलास की गं, कार्टे!" म्हणत काकांनी वेबसाइटवालीच्या पाठीत धपाटा घातला. एवढ्यावर निभावलं म्हणून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

बाकावरच्या बाईने मोबाइल हळूच पर्समध्ये ठेवला. मुलीने एव्हाना दोन्ही बूट काढले होते, मोजेही. आईकडे नाही, काकांकडे नाही, ती थेट वेबसाइटवालीकडे बघत होती.

"म्हणजे ती पळालीच नाही?"