पंपाची वायर

"वायर काढा. लिफ्ट महत्त्वाची," राणेसाहेब म्हणाले आणि रुमालाने मान पुसली.

काळूराम जनरेटरच्या पॅनलसमोर उकिडवा बसला होता. करंजाड्यातल्या या बावीस मजली टॉवरची वायरिंग त्यानेच केली होती, त्यामुळे काय काढायचं ते त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. वीज गेली की जनरेटर लिफ्ट चालवायचा, आणि कुठे आग लागलीच तर आगीचा पंपही. त्या पंपाची जाड केबल सोडवायची, एवढंच काम. तीन बोल्ट, दहा मिनिटं. त्याचे छप्पन्न वर्षांचे गुडघे केव्हाच हो म्हणून मोकळे झाले होते.

राणेसाहेब, म्हणजे दीनानाथ राणे, सोसायटीचे चेअरमन. एरवी शांत माणूस. पण मंगळवारी भर दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि पाचच मिनिटांत त्याने मान टाकली. लिफ्टमध्ये त्यांची बायको, वेणूबाई, एकट्या. पंचवीस मिनिटं अंधारात. महिन्याभरात जनरेटर असा बंद पडण्याची ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा पंप आपोआप सुरू झालेला, म्हणजे दोष पंपाचा, असा निकाल कमिटीने लावला होता.

"पंप उगाच सुरू व्हत नाय साहेब," काळूराम म्हणाला. "लाइनीतलं पाणी उतरलं तरच व्हतो. कुठंतरी पाणी जातंय."

साहेबांनी पुन्हा रुमाल काढला. काळूरामने उसासा टाकला. पाणी कुठे जातंय ते बघायचं तर जिना चढायला हवा, कारण कामासाठी लिफ्ट त्यानेच बंद केली होती. स्वतःच्या कर्माला शिव्या देत तो निघाला.

तिसऱ्या मजल्यावर, भिंतीतल्या लाल पेटीतला आगीचा पाइप ओला होता. सातव्यावर पाइपाखाली बादली. अकराव्यावर तर कुणा हौशी माणसाने पितळी नळ बसवून त्याला चिमुकलं कुलूप लावलं होतं, शेजाऱ्यांनी पाणी चोरू नये म्हणून. काळूराम तिथेच पायरीवर बसून हसला, मग हसायचंही त्राण उरलं नाही. दुपारी नळ कोरडे, टँकर एक दिवसाआड, आणि लाल पाइप मात्र सदा भरलेला. मोह कुणाला होणार नाही? पूर्वी एक लहान पंप होता, तो असली बादलीभर चोरी पोटात घालायचा. तो जळाला. काळूरामने दोनदा लिहून दिलं, कमिटीने दोनदा पुढच्या मीटिंगवर ढकललं. आता कुणी बादली भरली की थेट मोठा पंप उठतो, आणि वीज गेलेली असली तर जनरेटरला दोन्ही भार झेपत नाहीत आणि लिफ्ट अडकते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याला बोलावलंय, हे त्याला कळलं.

एकोणिसाव्या मजल्यावर, साहेबांच्या दाराशेजारच्या लाल पेटीपुढे वेणूबाई उभ्या होत्या. एक हात भिंतीला, दुसऱ्यात पाइपाचं तोंड. घामाने निथळणारा काळूराम दिसताच त्यांनी पाइप बंद केला आणि आतून त्याच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं.

"वहिनी, मंगलवारी लिफ्टमदी बसायच्या आदी हितं पाणी भरलं व्हतं?"

भरलं होतं, त्या म्हणाल्या. दोन बादल्या भरल्या आणि देवळात निघाल्या. हे दुपारी झोपतात तेव्हाच भरते, यांना ठाऊक नाही. मग काळूरामने त्यांना सगळं सांगितलं. वायर काढली तर काय होईल, असं त्यांनी हळूच विचारलं.

"आग लागली का आदी वीज तोडतात वहिनी, लिफ्ट पन बंद. मंग पंपाला त्या वायरीबिगर कोनी नाय."

वेणूबाई बादलीकडे बघत राहिल्या. काळूराम उतरू लागला तेव्हा मागे दार ओढल्याचा आवाज आला. आत गेल्या असतील, असं त्याला वाटलं.

खाली येऊन त्याने साहेबांना मजले सांगितले. तीन, सात, अकरा. आणि थोडं थांबून, एकोणीस. साहेबांचा चेहरा उतरला. पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण पटत नाही. ते बराच वेळ वाद घालत राहिले. साऱ्या टॉवरला पाणी भरू नका म्हणून कसं सांगू? लहान पंप कधी यायचा? तोवर ती पुन्हा अडकली तर? काळूरामला त्यांचा राग येईना. दमलेल्या माणसाला राग परवडत नाही.

जनरेटर आपोआप सुरू होऊ नये म्हणून त्याने त्याचा स्विच बंद केला, जाड केबलवर बोट ठेवलं आणि पाना साहेबांच्या हातात दिला.

"ही. तीन बोल्ट हायेत. तुमीच काढा साहेब. माज्या हातानं व्हनार नाय."

साहेबांनी पाना लावला. पहिला बोल्ट निघाला. दुसरा सैल होत होता तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं पाऊल. वेणूबाई भिंत धरून आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. साहेब पाना घेऊनच धावले. कशाला उतरलीस, लिफ्ट आता सुरू होणारच होती, असं काहीबाही बोलत राहिले.

श्वास जागेवर येईपर्यंत वेणूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

"धूर नव्हता, अंधार नव्हता," त्या म्हणाल्या. "तरी उतरायला मला पाऊण तास लागला."