अंधाराची पाहणी

"खांब आहेत, पण दोन वर्षं झाली, दिवे पेटत न्हाईत," सरपंच हौसाबाई म्हणाल्या आणि करंदीकरांचा चेहरा खुलला. तालुक्याचा उजेड इथवर येतो का, असं त्यांनी विचारलं. "कुठला! मधी डोंगर हाय." गाऱ्हाणं वाढेल तसे करंदीकर खूश होत वहीत बरोबरच्या खुणा करत गेले. त्यांच्या आकाशदर्शन मंडळासाठी पाहिलेली तीन पठारं बाद झाली होती, अमावस्या चार दिवसांवर आली होती आणि चाळीस सभासद रोज जागा विचारत होते.

"मग दिवे कवा लावताय, सायेब?"

करंदीकरांचं पेन वहीवरच थांबलं. बाई त्यांना वीज खात्याचे साहेब समजत होत्या. नुसती मान डोलावली असती, तरी इथल्या पठाराची परवानगी तिथल्या तिथे मिळाली असती.

"मी विजेचा माणूस नव्हे, बाई," ते कसेबसे म्हणाले. "आम्हाला तारे बघायचेत, म्हणून अंधार हवाय. आमच्यात कुणी बॅटरीसुद्धा लावत नाही."

हौसाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"या की," त्या म्हणाल्या. "फकस्त गाड्या खाली वढ्यापाशी ठेवा अन् वर चालत या. गेल्या अमावस्येला माझी सून बाळंतपणाला अडली, तवा तिला झोळीत घालून त्याच वाटेनं उतरवली. बॅटरी न लावता चढा. मग बसा तारे बघत."