माझ्या शब्दावर

माझा मुलगा वीरेश घरे बांधून विकण्यासाठी नाशिकहून लातूरला आला, आणि त्याच्यासोबत मीही आले. त्यानेच बांधलेल्या बारा घरांच्या वसाहतीत आम्ही राहतो. येथे सारे मला अव्वा म्हणतात आणि माझा शब्द कोणी मोडत नाही.

काल सकाळी चहाच्या वेळी जमीन हादरली. फळीवरची भांडी खाली आली आणि क्षणात सारी वसाहत रस्त्यावर उभी राहिली. हादरा थांबला. एकाही भिंतीला तडा गेला नव्हता, तरीही आत जाण्यास कोणी तयार होईना.

"अव्वा, तुमी नाशिकच्या. जमीन हलती म्हंजी काय, ते तुमाला काय ठावं!" शेजारच्या तारामतीबाई नातीला छातीशी धरून म्हणाल्या. "त्र्याण्णवच्या भूकंपात माजी माय गेली. लई भ्याव वाटतंय बगा."

भीती मलाही वाटत होती. परंतु ते मी कोणाला दिसू दिले नाही.

"ही घरे माझ्या मुलाने बांधली आहेत," मी साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "एकही पडणार नाही. चला, लेकरांना आत न्या."

एकेक कुटुंब आत गेले. तारामतीबाईंनीही नातीला घेऊन दार लावून घेतले. मग पदर सावरून मी आमच्या पायरीवर पाऊल ठेवले.

वीरेशने माझे मनगट घट्ट धरले आणि तो हलक्या आवाजात म्हणाला,



"आई, तू आत जाऊ नकोस."