झोपलीस का?

खेळाच्या खोलीत शिरल्याशिरल्या सिस्टरनं लेकीचं दप्तर गादीवर उपडं केलं. इस्पितळातली ड्यूटी संपवून ती तशीच, अंगावरच्या युनिफॉर्मवर शाळेत आली होती. वह्या, डबा, मोजे. मोबाइल काही निघाला नाही. त्यानं तिचा संशय आणखीच बळावला.

"कुठं लपवलायस?"

"घरी आहे, आई. तुझ्याच कपाटात. कुलूप तूच लावलंस."

खेळाच्या मॅडम शिटीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मागच्या वर्षी ही पोरगी अशी पळायची! उगाच नाही सगळे हिला खार म्हणत. आणि आता? रिलेत बॅटन हातातून सुटतं, गणिताच्या तासाला डुलक्या, जरा बोललं की डोळ्यांत पाणी. संघात ठेवायची की नाही, ते मला आजच ठरवायचंय."

"मी सांगते ना, मॅडम, कुठंतरी पाणी मुरतंय. रात्रभर कुणाशीतरी बोलत असणार. वॉर्डातले पेशंटसुद्धा डोळे मिटून सोंग करतात, मी बरोबर ओळखते."

"दुसरा मोबाइल वगैरे सापडला का?"

"उशीखाली रोज हात घालून बघते. सापडत नाही. म्हणजे बघा किती पोचलेली आहे!"

खार गादीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं काळं.

मॅडमनी तिलाच विचारलं, "खरं सांग बाळा, रात्री झोपतेस की नाही?"

"झोपते की. पडल्यापडल्या."

"मग?"

"मग आई येते. कपाळावर हात ठेवते. टॉर्च मारून पापण्या हलतात का बघते. आणि विचारते, झोपलीस का?"

"तू काय म्हणतेस?"

"हो म्हणते."

"बघा!" सिस्टर तावातावानं म्हणाली. "झोपलेलं माणूस कधी हो म्हण..." पुढचं तिच्या तोंडातच राहिलं.

"मग मला बराच वेळ झोप येत नाही," खार म्हणाली. "जरा डोळा लागतो, तर ही पुन्हा हजर. वॉर्डात राउंड असतो ना, तसा."

मॅडमच्या बोटावरची दोरी सुटली. तेवढ्यात मैदानावरून कुणीतरी हाक मारली आणि त्या बाहेर गेल्या.

सिस्टर दप्तर भरू लागली. भरता भरता सवयीनं अस्तर चाचपलं. काही नव्हतं. काहीतरी बोलायला म्हणून वळली, तर खार गादीवर कलंडलेली. तोंड अर्धवट उघडं, एका बुटाची नाडी सुटलेली.

सोंग तर नव्हे? सिस्टरचे डोळे बारीक झाले. ती शेजारी टेकली, वाकली. हात आपसूक कपाळाकडे निघाला, आणि मध्येच थांबला.

"मैदान मोकळं झालंय," दारातून मॅडम म्हणाल्या. "उठवा तिला. एक फेरी पळून दाखवू दे, मग काय ते ठरवते."

सिस्टरनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय हो," ती कुजबुजली. "झोपलीय."

आणि दुसरा हात तिनं स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरला.