पणजीची टोपी

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात सफरचंदाची दारू गाळायला फडकं सापडेना, म्हणून मी माझ्या बायकोच्या, मार्तच्या, पणजीची मलमलची टोपी वापरली. ती कायमची तपकिरी झाली. मी रूआँ शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून हुबेहूब तशीच आणून गुपचूप पेटीत ठेवली. मार्तला चाळीस वर्षं कळू दिलं नाही.

ती गेल्यावर मुलीने टोपी संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. तिथल्या बाईंनी भिंग काढलं, तसं मी सगळं कबूल केलं.

"बाबा! आईच्या पणजीच्या टोपीतून दारू गाळलीत?"

"पण ही अस्सल आहे हो," बाई म्हणाल्या. "लेस हातची. आत रेशमाने नावही भरलंय, ओनोरिन."

ओनोरिन म्हणजे मार्तची पणजी.


म्हणजे खरी टोपी मी दारू गाळण्याआधीच मार्तने बाजारात विकून पेटीत नकली ठेवली होती, आणि बिचारी चाळीस वर्षं मला घाबरत होती.