पाच डब्या

"थुंकी नकोय मला, बेडका हवाय. सकाळी उठल्याउठल्या, छातीतून खोल खोकून काढलेला," सिस्टरने शिवणखान्यातल्या पाचही कामगारांना बजावलं आणि एकेक डबी हातात दिली.

काजं करणारी मुलगी महिनाभर खोकत होती, म्हणून ही सगळी धावपळ. तिने डबी घेतली, पण बघत राहिली कटिंग मास्तरांकडे.

"क्षयच निघाला तर मालक घरी बसवतील," ती म्हणाली. "कमावणारी मी एकटी."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले आणि घसा खाकरून त्यांनी पुन्हा कापडावर खडू धरला.

"तुम्हीही तपासून घ्या की मास्तर," सिस्टर म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? हा विडीचा खोकला, जुना सोबती आहे. तुम्ही यांचं बघा. डब्या मी स्वतः आणून देतो."

सिस्टरला बरं वाटलं. एरवी एकेका डबीसाठी चार हेलपाटे ठरलेले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत मास्तर दारात हजर, पाचही डब्या सांगितल्याबरहुकूम भरलेल्या. असा माणूस प्रत्येक शिवणखान्यात असता, तर तिच्या चपला तरी टिकल्या असत्या.

दुपारपर्यंत निकाल आले. पाचही जणांना क्षय. लॅबवाला चक्रावला. मशीनच बिघडलं असेल म्हणून त्याने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच, आणि जंतूंचं प्रमाणही पाचांत जवळजवळ सारखं.

सिस्टरने निकालाचे कागद पिशवीत टाकले. त्या मुलीला आता कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने शिवणखाना गाठला आणि मास्तरांना दाराबाहेर बोलावलं.

"मास्तर, पाचही जणांना आहे. मालकांशी मी बोलते, कुणाला काढू देणार नाही. औषध फुकट मिळतं, माणूस पूर्ण बरा होतो. पण आजच सुरू करायला हवं."

"पाचही?" मास्तरांनी विचारलं. "नक्की?"

"दोनदा तपासलं."

मास्तर पायरीवर बसले. आत मशिनांची घरघर चालू होती. मुलीच्या खोकल्याचा आवाज आला. विडीसाठी खिशाकडे गेलेला हात त्यांनी तसाच छातीवर ठेवला.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "औषध एकट्या मला द्या. आणि यांच्यासाठी पाच नव्या डब्या."